आधी सांडपाणी, मग तरंगती बाग

अमेरिकेतील शिकागो नदीच्या उत्तर शाखेवर एकोणिसाव्या शतकात कालवा खोदला गेला. काठावर कारखाने आले आणि त्यांची घाण पाण्यात उतरली. आज त्याच कालव्यावर ‘वाइल्ड माइल’ हे तरंगते निसर्गउद्यान आकाराला येत आहे. हैदराबादच्या नेकनामपूर तलावातही 2018 मध्ये सुमारे 3 हजार चौरस फुटांचा वनस्पतींचा तराफा सोडण्यात आला.

यामागचे विज्ञान सोपे आहे. वाळा, कर्दळ, पाणकणीस यांची मुळे तराफ्याखाली लोंबतात. मुळांवर जमलेला सूक्ष्मजीवांचा थर सेंद्रिय घाण फोडतो. वनस्पती नायट्रोजन व फॉस्फरस शोषतात. मात्र त्या वेळोवेळी कापून बाहेर काढाव्या लागतात. नाहीतर त्या कुजतात आणि शोषलेले पुन्हा पाण्यात जाते.

पण तराफा म्हणजे मलनिस्सारण नव्हे. शिकागोने पिण्याचे पाणी वाचवण्यासाठी 1900 मध्ये नदीचा प्रवाहच उलटा वळवला, पुढे प्रक्रिया केंद्रे उभारली. बाग त्यानंतर आली. मुंबईत 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी वस्त्यांत शिरली आणि पुरामागोमाग लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. विष्ठामिश्रित पाण्यातून कावीळ, विषमज्वर, हगवण पसरते. तुंबलेल्या गटारात क्युलेक्स डास वाढतो आणि तोच हत्तीरोग पसरवतो. हे सारे फुलझाडांनी थांबत नाही.

लोणार तालुक्यातील सुलतानपूरसारख्या मोठ्या गावांनी यातून क्रम शिकावा. नळाचे पाणी घरोघरी आले की सांडपाणीही तेवढेच वाढते. ते नाल्यात सोडले की खालच्या वस्तीची विहीर बिघडते. म्हणून घरोघरी शोषखड्डे हवेत, पण ते विहिरी-हातपंपांपासून दूर. उरलेले पाणी गावाबाहेरच्या स्थिरीकरण तळ्यात न्यावे. अशा तळ्यावर वाळ्याचा तराफा शोभेल आणि उपयोगीही पडेल.

शेजारच्या लोणार सरोवराची गोष्ट वेगळी. 2020 मध्ये रामसर यादीत आलेल्या या सरोवराचे पाणी खारे व अल्कधर्मी आहे. तेथे गोड्या पाण्यातील वनस्पती टिकणार नाहीत आणि सांडपाणी मिसळले तर तेथील सूक्ष्मजीवसृष्टीच बदलेल. तेथे सांडपाणी काठाच्या वरच अडवणे, हाच उपाय.

ग्रामपंचायतीच्या आराखड्यात सुशोभीकरणाआधी गटाराची ओळ असावी. ती असेल, तर साथीच्या दिवसांत दवाखान्यापुढची रांग छोटी होईल.