भाडेकरू गेला, भाडे बुडाले?

गोंदिया, तिरोडा भागात धानाला जोड म्हणून अनेकांनी खोल्या भाड्याने दिल्या आहेत. भाडेकरू रातोरात बिऱ्हाड हलवतो अन् घरमालक पोलीस पाटलाकडे धावतो. पण ही बाब दिवाणी. वसुली पोलिसांचे काम नव्हे. मागे राहिलेले सामान परस्पर विकाल तर आपणच गोत्यात याल. डिपॉझिटमधून थकबाकी वळती करा, उरलेल्यासाठी नोटीस द्या. तंटामुक्त समितीत समझोता झाला तर बरेच. नाहीतर भाडे थकल्यापासून तीन वर्षांत दावा लावा. पण पुरावा? १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ लेखी, नोंदणीकृत कराराची जबाबदारी घरमालकावरच टाकते. म्हणून आधी कागद, मग किल्ली. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही ग्रामसभेत हे सांगावे.