रात्रीचे सूर्यग्रहण आणि दिवसाचा उपवास

येत्या 12 ऑगस्टला, म्हणजे आषाढ अमावास्येला, खग्रास सूर्यग्रहण आहे. पाठोपाठ 28 ऑगस्टला, श्रावणी पौर्णिमेला, खंडग्रास चंद्रग्रहण. दोन्हींचे निरोप मोबाइलवर फिरू लागले की त्यांच्यासोबत गर्भवतींनी काय करू नये याची यादीही येते. सावर्डे, डेरवण, खरवते, दहिवली या पट्ट्यात ज्या घरात सून किंवा बाळंतपणाला आलेली लेक आहे, तिथे ‘वेध कधीपासून धरायचे?’ हा प्रश्न भटजींना विचारला जातो, तसाच तपासणीला आलेल्या आशाताईलाही. त्याचे उत्तर पंचांगातल्याच शब्दांत आहे, फक्त ते शब्द नीट वाचायला हवेत.

12 तारखेचे सूर्यग्रहण भारतीय वेळेनुसार रात्री नऊनंतर सुरू होते आणि मध्यरात्र उलटल्यावर संपते. तेव्हा सावर्ड्यात सूर्य मावळून जवळपास दोन तास झालेले असतील, दिव्याच्या अवसेचे दिवे लावून घरातली जेवणेही उरकलेली असतील. ते दिसेल ग्रीनलंड, आइसलंड आणि स्पेनमध्ये. 28 तारखेचे चंद्रग्रहण सुरू होते तेव्हा आपला चंद्र मावळलेला असेल. ते अमेरिकेतून पाहायचे. जे ग्रहण आपल्या गावातून दिसत नाही त्याचे वेध पाळायचे नाहीत, असे पंचांगकर्तेच सांगतात. म्हणजे यंदाच्या दोन्ही ग्रहणांपुरता हा प्रश्न विज्ञानाच्या बाजूने मिटतो आणि शास्त्राच्या बाजूनेही.

‘ग्रहण’ म्हणजे पकडणे. या शब्दानेच राहू-केतूंना तोंड आणि दात दिले. ज्योतिर्गणितात मात्र राहू आणि केतू हे दोन बिंदू आहेत. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे 5 अंशांनी कललेली आहे. या दोन पातळ्या एकमेकींना जिथे छेदतात ते हे बिंदू. अमावास्या किंवा पौर्णिमा या बिंदूंच्या आसपास आली तरच सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येतात. एरवी सावली वरून किंवा खालून निघून जाते, म्हणून दर महिन्याला ग्रहण होत नाही. सूर्य या बिंदूजवळ महिनाभर रेंगाळतो, त्यामुळे एका ग्रहणामागोमाग पंधरवड्याने बहुधा दुसरे येतेच. सूर्यग्रहणात चंद्राची सावली पृथ्वीवर पडते, चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर. आर्यभटाने ‘आर्यभटीया’त इसवी सन 499 मध्ये ग्रहणाचे कारण सावली असेच दिले आहे.

यंदा आषाढ अमावास्या इतकी लांबली, तीही याच चंद्र-सूर्यांच्या हिशेबामुळे. बारा चांद्रमासांचे वर्ष 354 दिवसांचे, ऋतू मात्र सूर्याच्या 365 दिवसांवर चालतात. दरवर्षी पडणारे अकरा दिवसांचे अंतर भरून काढायला यंदा ज्येष्ठ अधिक आला. भाताची लावणी अर्थातच पावसाच्या हिशेबाने झाली.

दवाखान्याच्या दृष्टीने खरी अडचण दिसणाऱ्या ग्रहणांची. गेल्या वर्षी 7 सप्टेंबरच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण झाले. स्पर्श रात्री 9.57 ला, मोक्ष 1.26 ला. चंद्रग्रहणाचे वेध तीन प्रहर, म्हणजे नऊ तास आधी लागतात. पूर्ण वेध पाळणाऱ्या बाईने दुपारी एकपासून मध्यरात्रीनंतर दीडपर्यंत काही खायचे नाही. आणि पुष्कळ घरांत पाणीही नाही, झोपायचे नाही, लघवीला जायचे नाही. गरोदरपणात शरीरातली साखर उपाशीपोटी लवकर उतरते आणि चरबी जळून रक्तात कीटोन वाढू लागतात. चक्कर येते, उलट्या होतात, पाणी कमी पडून पोटात कळा येऊ शकतात. तुंबवलेल्या लघवीने मूत्रमार्गाच्या संसर्गाला वाव मिळतो. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणारी बाई सुई टोचून उपाशी राहिली तर रक्तातली साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली जाऊन ती बेशुद्ध पडू शकते. सगळ्यांत वाईट म्हणजे रक्तस्राव किंवा कळा सुरू झाल्या तरी ‘ग्रहण सुटू दे, मग निघू’ म्हणून थांबणे. गर्भवती, आजारी, वृद्ध आणि लहान मुलांना पंचांगातही सवलत असते, ही ओळ त्या यादीत सहसा नसते.

या सगळ्यामागे भीती असते ती दुभंगलेल्या ओठाची. बाईने विळीला हात लावला, भाजी चिरली, म्हणून बाळाचा ओठ फाटला असे आजही बोलले जाते. ही समजूत केवळ आपली नाही. मेक्सिकोतल्या अॅझटेक लोकांतही ग्रहण म्हणजे चंद्राचा तोडलेला लचका, आणि गर्भवतीने ते पाहिले तर बाळाचा ओठ तसाच होतो, असे मानत. पण गर्भाचा वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळून पूर्ण होतो, टाळू बाराव्या आठवड्याच्या आत. सातव्या महिन्यातली बाई कोपऱ्यात हात बांधून बसते तेव्हा बाळाचा ओठ कधीच तयार झालेला असतो. दुभंगाची कारणे आनुवंशिकता, आईचे धूम्रपान, नियंत्रणात नसलेला मधुमेह, फिट्सवरची काही औषधे यांत शोधावी लागतात. ती औषधे स्वतःहून बंद करू नयेत, दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे. असे मूल जन्मले तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात त्याच्यावर मोफत उपचार होतात. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, टाळूची त्यानंतर. आईला बोल लावण्यात हे महिने निघून जातात, तेव्हा नुकसान बाळाचे होते.

घरातल्या वडीलधाऱ्यांशी यावरून भांडण काढायची गरज नाही. जप करावा, विळी बाजूला ठेवावी, त्याने कोणाचे काही बिघडत नाही. पेज, पाणी आणि गोळ्या मात्र वेळेवर घ्याव्यात.

ग्रहणाने खरोखर इजा होते ती डोळ्यांना, आणि तीही फक्त सूर्यग्रहणात. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी खुशाल पाहावे. पुढच्या वर्षी 2 ऑगस्टला, पुन्हा आषाढ अमावास्येलाच, दुपारनंतर खंडग्रास सूर्यग्रहण कोकणातून दिसण्यासारखे आहे. पावसाने उघडीप दिली तर. अर्धवट झाकलेल्या सूर्याकडे पाहताना डोळे दिपत नाहीत, म्हणून पोरे टक लावतात. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. दृष्टीच्या मधोमध काळा डाग पडल्याचे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी लक्षात येते, आणि तो डाग कायमचा राहू शकतो. एक्स-रेची फिल्म, साधा काळा चष्मा, परातीतल्या पाण्यातले प्रतिबिंब, यातले काहीही सुरक्षित नाही. प्रमाणित ग्रहण-चष्मा किंवा 14 नंबरची वेल्डिंगची काच चालते. तेही नसेल तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडावे, सूर्याकडे पाठ करून उभे राहावे आणि भिंतीवर पडलेली सूर्याची कोर पाहावी.