चाळीस लाल कोट

टेबलावर शिशाची पिटुकली सैन्यं मांडून जुन्या लढाया खेळणाऱ्या वॉरगेमिंगवाल्यांशी माझं एक भांडण आहे. अठराव्या शतकातल्या जर्मन शहराची नागरी पलटण करायची म्हटली की ही मंडळी चाळीसच्या चाळीस पुतळे एकाच रंगात बुडवून मोकळी! कोलोनचे असतील तर लालभडक कोट, पांढरी विजार, झालं काम.

अहो, पण ते लाल कोटवाले हौशी नागरिक नव्हतेच, शहराचे पगारी शिपाई होते. १७९४ साली फ्रेंच आले, शहराच्या चाव्या लढाईविना त्यांच्या हाती पडल्या आणि हे शिपाई इतिहासजमा झाले. पुढे १८२३ साली कोलोनच्या कार्निव्हलमध्ये त्यांची टिंगल करायला 'रोटे फुंकेन' हे पथक निघालं. ते आजही नाचतं, फोटोही ढिगाने मिळतात. म्हणजे तुम्ही इतिहास म्हणून रंगवताय ती नक्कल, तीही भलत्याच माणसांच्या अंगावर.

खरी नागरी पलटण म्हणजे गल्लीतली माणसं. फ्रँकफुर्टचे १४ विभाग होते आणि दर विभागाला एक नागरिक कप्तान. हॅम्बुर्गमध्ये तर पैसेवाले पहाऱ्याला स्वतः न जाता भाडोत्री माणूस पाठवायचे (हे मात्र आपल्याला लगेच पटतं!). असल्या पहाऱ्याला कसला आलाय एकसारखा गणवेश? बेकरीवाला त्याच्या कोटात, चांभार त्याच्या. त्यांना एकत्र बांधायचा तो झेंडा. ब्रशची सगळी कारागिरी तिथे दाखवा की.

आणि कोट? चाळीस माणसं, निदान पंधरा रंग. ब्रश धुता धुता रविवार जाईल. जाऊ दे.