दुचाकीवरील लहान मुलांच्या सुरक्षिततेबाबत निवेदन

प्रति,
मा. पोलीस उपायुक्त,
वाहतूक शाखा, पुणे शहर.

विषय : हेल्मेट कारवाईची सुरुवात लहान मुलांपासून करण्याबाबत.

महोदय,

आम्ही कोथरूड परिसरातले, मुलांना दुचाकीवरून शाळेत सोडणारे पालक. हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की ‘डोकं माझं, काय करायचं ते मी ठरवीन’ हे उत्तर आपल्या शहरात ठरलेले. जानेवारी 2019 मध्ये कारवाई सुरू झाली तेव्हा विरोधात मोर्चे निघाले. पुढे कारवाई ढिली पडली. सरकारने जाणत्या माणसाला उठसूट शहाणपण शिकवू नये, असे आम्हीही मानतो. पण हा हक्क ज्याचे डोके त्याच्यापुरता. मुलाच्या डोक्याचा जुगार खेळण्याची मुभा आईवडिलांनाही नाही.

शाळा भरण्याच्या वेळी कर्वे रस्त्यावर थांबून पाहावे. स्कूटरवर पुढे, पाय ठेवायच्या जागेत पोर उभे असते. पाठीला दप्तर, हात आरशाच्या दांडीला. मागे दुसरे भावंड. वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट, कारण चौकात कॅमेरा आहे. मुलांची डोकी उघडी. करकचून ब्रेक लागला तर पुढच्या मुलाचे तोंड हँडलवर आदळते आणि मागून मोठ्या माणसाचे वजन अंगावर येते.

कायदा याबाबत मुका नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 128 नुसार चालकाखेरीज एकालाच, तेही मागच्या आसनावर बसवून नेता येते. हेल्मेटचे कलम 129 चार वर्षांवरील मुलांनाही लागू आहे. त्याहून लहान मुलांसाठी केंद्राचा नियम 15 फेब्रुवारी 2023 पासून अमलात आहे : मुलाला चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांपुढच्या बाळाला हेल्मेट, वेग ताशी 40 किलोमीटरपर्यंतच. आमच्यापैकी बहुतेकांना हा नियम आजवर कुणी सांगितलेला नाही. तेव्हा आधी शाळांच्या फाटकांवर महिनाभर माहिती द्यावी, आणि मगच दंड करावा. मूल उघड्या डोक्याचे असेल तर मोठ्याच्या हेल्मेटकडे पाहून गाडी सोडू नये.

कारवाईच्या पद्धतीबाबत मात्र आमची ठाम हरकत आहे. वळणाआड थांबून अचानक पुढे येणे, चालत्या गाडीचे हँडल धरणे, चावी काढून घेणे हे मूल गाडीवर असताना तरी कदापि होऊ नये. फोटो काढून चलन पाठवावे.

शेवटची मागणी रस्त्यांबाबत. सदोष रस्त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास रस्ता बांधणाऱ्याला व सांभाळणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कलम 198-अ मध्ये 2019 च्या दुरुस्तीने झाली आहे. नागरिकाच्या डोक्यावर सक्ती करणाऱ्या शासनाने स्वतःच्या खड्ड्याचाही जाब दिला पाहिजे. म्हणून दुचाकीच्या प्रत्येक गंभीर अपघाताच्या पंचनाम्यात खड्डा, उखडलेले झाकण, बंद दिवा यांची मोजमापासह नोंद व्हावी, आणि दोष आढळल्यास या कलमाखाली कारवाई व्हावी.

शाळा पुन्हा सुरू होण्यापूर्वी यावर काय ठरले ते आम्हाला लेखी कळवावे, ही विनंती.

आपले,
कोथरूड परिसरातील पालक