केंदाळ नदीत, इलाज रानात

उन्हाळा लागला की पुण्यातल्या पवना आणि मुळा-मुठा जलपर्णीखाली दिसेनाशा होतात आणि महापालिका ती काढण्याचं टेंडर काढते. यंत्रं उतरतात, काठावर ढीग लागतात. पात्रात उरलेल्या चार रोपांना पुन्हा धुमारे फुटतात. एक-दोन आठवड्यांत ती दुप्पट होतात. पावसाळ्यात लोंढा आला की हीच हिरवी बेटं भीमेतून उजनीच्या दिशेने वाहत सुटतात.

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. जांभळ्या फुलांच्या हौसेपोटी ती जगभर नेली गेली. बंगालमध्ये तिने असा कहर केला की १९३६ साली तिच्याविरुद्ध खास कायदा झाला. पण कायद्याने किंवा यंत्राने ती हटत नाही, कारण तिला खत आपणच घालतो. मैलापाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस हेच तिचं खाद्य.

यावरचा एक इलाज अमेरिकेत सापडतो. पेनसिल्व्हेनियातलं स्टेट कॉलेज हे विद्यापीठाचं गाव. तिथल्या थंडीत जलपर्णी तगत नाही, पण दुखणं हेच होतं. विद्यापीठाचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी स्प्रिंग क्रीकमध्ये जायचं. ट्राउट माशांसाठी नावाजलेला हा ओढा. सांडपाण्यातल्या खतावर त्यात पाणवनस्पती माजल्या आणि रात्री त्याच पाण्यातला प्राणवायू शोषू लागल्या. तिथल्या संशोधकांनी नुसती झाडं उपटत बसण्यापेक्षा पाण्याची वाट बदलली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते पाणी शेतात आणि जंगलात फवारून पाहिलं. पिकं आणि माती खत धरून ठेवतात, पाणी मुरत भूजलाला मिळतं. या व्यवस्थेचं नाव ‘लिव्हिंग फिल्टर’. १९८३पासून विद्यापीठाचं सगळं प्रक्रिया केलेलं पाणी असंच जिरवलं जातं, अगदी बर्फाच्या दिवसांतही.

पुण्याला एवढी जमीन कुठून आणायची? ती पुण्याच्या खाली, हवेली-दौंडमध्ये आहे. मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेलं शहराचं सांडपाणी बेबी कालव्याने तिकडे जातंही. मात्र शुद्धीकरण अर्धवट राहिलं तर तो शेतकऱ्याच्या माथी मारलेला मैला ठरतो. स्टेट कॉलेजमध्ये पाणी आधी शुद्ध होतं, मग रानात जातं, आणि तरीही त्यातल्या औषधांच्या अंशांवर तिथे अभ्यास चालतो. ती काळजी इथल्या शेतकऱ्यालाही मिळायला हवी.

तेव्हा किती टन जलपर्णी काढली, हे महापालिकेला विचारू नका. या वर्षी किती मैलापाणी प्रक्रियेविना नदीत गेलं, ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.