कुकरचे झाकण

मागच्या रविवारी शेजारच्या मावशी कुकरचे झाकण घेऊन आमच्याकडे आल्या. कडेने वाफ जाते, शिट्टी होत नाही, तेवढी नवी रिंग बसवून द्या, म्हणाल्या. आम्ही कचेरीत कारकुनी करीत असलो तरी वस्तीतली अशी कामे आमच्याकडेच येतात. झाकण उलटे करून पाहिले आणि पोटात गोळा आला. सेफ्टी वॉल्वच्या जागी डाग देऊन भोक पार बुजवले होते!

"तो सारखा उडायचा. दारावर आलेल्या माणसाकडून बंद करून घेतला," मावशी सहज म्हणाल्या.

भगिनींनो, वॉल्व उडतो तो आपल्याला वाचवण्यासाठी. शिट्टीच्या वजनाने वाफ आत कोंडते, म्हणून पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते आणि डाळ लवकर शिजते. पाणी आटले किंवा फेसाने शिट्टीची नळी तुंबली, की वॉल्वमधला धातू वितळून वाफेला वाट देतो. ती वाट बुजवल्यावर उडायला झाकणच उरते. मावशींची रिंग चिरली होती, कडेने वाफ जात होती, हेच बरे. आम्ही न पाहता नवी रिंग बसवली असती तर?

रिंग बदलणे सोपे आहे. त्याच कंपनीची, तेवढ्याच लिटरची घ्यावी; 'चालेल' म्हणून दुकानदार देईल ती नको. रोज काढून धुवावी. शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का पाहावे, नसेल तर बारीक तार घालावी. वॉल्व उडाला की आधी तो का उडाला ते शोधावे, मग पान्याने काढून नवा लावावा. तिथे स्क्रू नको, डाग तर नकोच. डाळ अर्ध्या कुकरपेक्षा जास्त भरू नये. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा नुसते पाणी घालून शिट्टी करून पाहावी. मुले लांब ठेवावीत. नवा कुकर घेताना आयएसआय खूण पाहावी. २०२१ पासून ती सक्तीची आहे.

मावशींना आम्ही नवे झाकण घ्यायला लावले. हिशेब करूनच सांगितले, नव्या कुकरपेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडले. जुने भंगारात देऊ दिले नाही, पुन्हा कुणाच्या तरी चुलीवर जायचे. येत्या रविवारी विहारात महिला मंडळाच्या बैठकीत ते दाखवणार आहोत. येताना आपापली झाकणे घेऊन या.