न हसणारा श्रोता

इंग्रजी संभाषणाचा सराव करून घेणारे यंत्र आता विद्यार्थ्याच्या खिशातील मोबाईलमध्ये येऊन बसले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि पुढच्याच वर्षी त्याला वाचा फुटली. पदवीच्या वर्गातील मुलगा वसतिगृहाच्या खाटेवर बसून रात्री अकरा वाजता मुलाखतीची तालीम करू शकतो. तो चुकला तर यंत्र दुरुस्ती सुचवते आणि, मुख्य म्हणजे, हसत नाही.

या न हसण्याचे मोल ज्यांना उमगत नाही त्यांनी तालुक्याच्या महाविद्यालयातील इंग्रजीचा तास पाहावा. शंभर मुलांचा वर्ग आणि अठ्ठेचाळीस मिनिटांचा तास धरला, तर प्रत्येकाच्या वाट्याला बोलण्यासाठी अर्धे मिनिटही येत नाही. तेवढ्यात इंग्रजीतील ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांच्या उच्चारांची गल्लत झाली की मागच्या बाकांवर खसखस पिकते. वस्तुतः मराठीत या दोन्हींसाठी एकच ‘व’ आहे. ‘मला सांगितले’ याच्या वळणाने कोणी ‘टोल्ड टू मी’ म्हणतो, तीही मातृभाषेच्या व्याकरणाची सावली, मूर्खपणा नव्हे. शहरी सुखवस्तू घरातील मुलाला हा सराव जेवणाच्या टेबलावर फुकट मिळतो. ऊसतोड मजुराच्या मुलीने तो कोठून आणावा? महाराष्ट्रात इयत्ता पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. तेव्हापासून शाळेत गेलेली एक अख्खी पिढी इंग्रजी वाचते, लिहिते आणि बोलायची वेळ आली की घाम पुसते.

समाजवादी कार्यकर्ता येथे अडखळतो, कारण त्याच्या मनात ‘अंग्रेजी हटाओ’ची घोषणा अजून घुमते. परंतु डॉ. लोहियांचा रोष परकी भाषा शिकण्यावर नव्हता; स्वतः त्यांनी बर्लिनला जाऊन जर्मन आत्मसात केली आणि तेथेच डॉक्टरेट मिळवली. त्यांचा रोष इंग्रजीच्या आडून राज्य करणाऱ्या मूठभरांवर होता. ती मूठ सैल होत असेल तर खेद कशाचा? (कार्यकर्त्यांची स्वतःची मुले कोणत्या माध्यमात शिकली, हा प्रश्न येथे न काढलेलाच बरा.)

तरीही यंत्राचे स्वागत डोळे मिटून करता येणार नाही. त्याची मालकी परदेशी भांडवलाकडे आहे, आणि त्याचा कानही निःपक्षपाती नाही. अमेरिकेतील पाच बड्या कंपन्यांच्या श्रुतलेखन यंत्रणा तपासणारा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. गोऱ्यांच्या बोलण्यातील शंभर शब्दांमागे सरासरी एकोणीस चुका करणारी ही यंत्रे कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात पस्तीस चुका करीत होती. ज्यांची इंग्रजी ही जन्मभाषा, त्यांची ही गत; मग मराठवाड्याच्या वळणाची इंग्रजी यंत्राच्या कानी नीट पडेलच, याची हमी कोण देणार? उच्चारांना गुण देण्याचे काम अशा यंत्राकडे सोपवणे म्हणजे जुनीच अस्पृश्यता नव्या वेष्टनात स्वीकारणे होय. शिवाय विद्यार्थ्याचा आवाज कंपनीच्या कोठारात जमा होतो, फुकटच्या वापराला मर्यादा असते, आणि पुढचा सराव ज्याच्या खिशात पैसा त्याचा.

सर्वांत मोठा धोका मात्र यंत्रात नसून मंत्रालयात आहे. महाविद्यालयांत वर्षानुवर्षे पदे रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर प्राध्यापक राबवले जातात. उद्या ‘संभाषणाला यंत्र आहे’ असे म्हणत इंग्रजीच्या जागा भरण्याचे टाळले जाणार नाही, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. यंत्रापुढे घोकलेले बोलणे जिवंत माणसांसमोर उभे राहून पारखावे लागते. त्यासाठी वीस-वीस मुलांचे गट हवेत आणि गटागटाला शिक्षक हवा.

म्हणून विद्यापीठांच्या अधिसभांवर निवडून गेलेल्या सदस्यांनी अर्थसंकल्पाच्या बैठकीत दोन आकडे एकाच वेळी मागावेत: अशा सरावयंत्रांच्या परवान्यांवर किती खर्च होणार, आणि संलग्न महाविद्यालयांत इंग्रजीची किती पदे त्याच वर्षी भरली जाणार. दुसऱ्या आकड्याशिवाय पहिल्याला मंजुरी देऊ नये.